पानिपतोत्तर महाराष्ट्रातील आत्मवंचना आणि परवंचना : सदाशिवरावभाऊंच्या तोतयाच्या प्रकरणाचा अभ्यास

प्रस्तावना

मनुष्य खोटे का बोलतो, या प्रश्नाची चर्चा नीतिशास्त्राने आणि मानसशास्त्राने पुष्कळ केली आहे. इतिहासलेखनात मात्र असत्याची नोंद बहुधा एखाद्या व्यक्तीचे कपट किंवा एखाद्या पक्षाचे कारस्थान एवढ्यापुरतीच होते. कपट करणाऱ्याचे नाव, त्याचा हेतू आणि त्याला झालेली शिक्षा सांगितली की विषय संपतो. त्या कपटावर विश्वास ठेवणारे हजारो लोक कोण होते, त्यांना सत्य कळण्याची साधने उपलब्ध असतानाही त्यांनी असत्य का स्वीकारले, हा प्रश्न मागे राहतो.

मराठ्यांच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार करण्यास सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण विशेष उपयुक्त आहे. पानिपतच्या रणांगणावर १७६१ मध्ये मृत्यू पावलेल्या सेनापतीच्या नावाने एक मनुष्य पुढे येतो, चौकशीत तोतया ठरतो, अनेक वर्षे कैदेत राहतो आणि तरीही १७७६ मध्ये त्याच नावावर कोकणचा मोठा भाग ताब्यात घेतो, ही घटना केवळ एका लबाड माणसाच्या धाडसाने स्पष्ट होत नाही. न. चिं. केळकर यांना या विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहावेसे वाटले, यावरूनही त्याचे मराठी मनावरील वजन लक्षात येते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भाऊसाहेबांचा मृत्यू समाजाने का स्वीकारला नाही, याची कारणे शोधणे, (२) तोतयाच्या असत्यास आधार देणाऱ्या निरनिराळ्या घटकांची प्रयोजने तपासणे, (३) आत्मवंचना आणि परवंचना यांचा परस्परसंबंध या प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करणे. दुसऱ्यास फसविणारे असत्य दीर्घकाळ टिकते ते फसणाऱ्यांनी स्वतःस आधीच सांगून ठेवलेल्या असत्याच्या आधारावर, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पानिपत आणि अनिर्णित मृत्यू

बुधवार, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत येथे मराठ्यांचा अहमदशाह अब्दालीकडून पराभव झाला. पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. 'भाऊगर्दी' हा शब्द मराठीत याच प्रसंगावरून रूढ झाला. 'विश्वास पानिपतात गेला' ही श्लेषयुक्त म्हण आजही वापरली जाते. एका पुरुषाचे नाव आणि एका समाजाचा आत्मविश्वास या म्हणीत एकत्र आले आहेत.

विश्वासरावांच्या मृत्यूविषयी शंका राहिली नाही, कारण त्यांचा देह सापडला, ओळखला गेला आणि त्यावर अंत्यसंस्कार झाले. भाऊसाहेबांच्या बाबतीत तसे घडले नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या युद्धाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यानुसार प्रेतांच्या ढिगात एक शिरविरहित देह मिळाला, अंगावरील खुणांवरून तो भाऊसाहेबांचा ठरविण्यात आला आणि त्यास अग्नी देण्यात आला. ही ओळख शत्रूच्या गोटात, मोजक्या वकिलांच्या साक्षीने झाली. पुण्याच्या दृष्टीने ती ऐकीव बातमी होती. शिर आणि धड वेगळे झालेल्या देहाची खात्री पटणे आप्तांना कठीण होते. खात्री न पटण्यास सबळ निमित्तही मिळत होते.

त्यातच मृत समजले गेलेले काही लोक प्रत्यक्षात परत येत होते. पायास जबर जखम झालेले महादजी शिंदे राणेखानाच्या साहाय्याने बचावून दक्षिणेत आले. जखमी आणि पळून आलेल्या सैनिकांना सूरजमल जाटाच्या मुलखात आश्रय मिळाला. अशा स्थितीत आणखी एक मनुष्य कोठेतरी लपून असेल आणि अनुकूल वेळ येताच प्रकट होईल, ही आशा अगदीच निराधार नव्हती. पानिपतानंतर भाऊसाहेब जिवंत असल्याच्या वार्ता वारंवार उठत राहिल्या. नानासाहेब पेशव्यांचे २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निधन झाले, तेव्हाही हा प्रश्न मिटलेला नव्हता.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिल्या काही महिन्यांतील ही आशा आत्मवंचना ठरत नाही. पुरावा अपुरा असताना आशा बाळगणे स्वाभाविक आहे. पुरावा वाढत जातो, वर्षे लोटतात, परतणारे सर्व परत येऊन चुकतात आणि तरीही मन आपला निर्णय बदलण्यास नकार देते, तेथून आत्मवंचनेस प्रारंभ होतो.

साक्षीदारांचे मौन

रणांगणावरून परत आलेल्यांची संख्या लहान नव्हती. मल्हारराव होळकर, दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव यांसारखे सरदार परतले. त्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांचे असलेले नाना फडणीसही परतले. त्यांनी आपल्या आत्मवृत्तात या प्रसंगाविषयी लिहिले आहे. पळापळीत त्यांची आई त्यांना कायमची दुरावली. इतके लोक परत आले असताना भाऊसाहेबांच्या अखेरच्या क्षणांविषयी निर्विवाद साक्ष का निर्माण झाली नाही, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

घनघोर संग्रामात कोणास काय दिसले हे निश्चित सांगता येणे अवघड असते, हे याचे एक उत्तर होय. दुसरे उत्तर अनुमानाचे असले तरी मानवी स्वभावास धरून आहे. 'भाऊसाहेब पडले ते मी पाहिले' असे सांगणाऱ्यास पुढचा प्रश्न अटळ होता : मग तू जिवंत कसा परत आलास? धन्यास रणात सोडून येणे हा त्या काळच्या सरंजामी नीतीत मोठा कलंक होता. मल्हाररावांच्या रणांगण सोडण्याविषयी तर पुढे दीर्घकाळ वाद चालला. त्यामुळे 'आम्ही पाहिले नाही' हे उत्तर साक्षीदारास सोयीचे होते. त्यात उघड असत्य नव्हते, पण सत्यास वाट करून देण्याची इच्छाही नव्हती. समाजातील पुष्कळसे असत्य अशा मौनातूनच वाढते, कारण ते खोडून काढण्यासाठी समोर कोणतेही विधानच नसते.

पार्वतीबाईंचे अहेवपण

या प्रकरणातील सर्वांत करुण व्यक्ती म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई. त्या पतीबरोबर पानिपतावर होत्या आणि पराभवानंतर मोठ्या हालअपेष्टांतून दक्षिणेत परतल्या. पती मृत झाला असे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. त्या सुवासिनी म्हणून राहिल्या. १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यानंतर पतिपत्नींचे उत्तरकार्य एकत्र करण्यात आले. म्हणजे पानिपतानंतर सुमारे बावीस वर्षे पेशव्यांच्या घराण्यात सदाशिवरावभाऊ धर्मदृष्ट्या जिवंत होते.

या भूमिकेस भ्रम म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु त्या काळातील ब्राह्मण स्त्रीपुढे असलेले पर्याय पाहिले म्हणजे तिचा निराळा अर्थ लागतो. त्याच घराण्यात नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई विधवा झाल्या आणि पुढे नाशिकजवळ गंगापूर येथे विरक्त जीवन कंठीत राहिल्या. माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे सती गेल्या. पती गेल्यावर स्त्रीस केशवपनासह वैधव्य किंवा सहगमन असे दोनच मार्ग धर्मरूढीने ठेवले होते. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यूच न स्वीकारून तिसरा मार्ग धरला. वयाच्या ऐन तारुण्यात त्यांना पुसावे लागणार असलेले कुंकू त्यामुळे कायम राहिले आणि घरातील मंगलकार्यांतील त्यांचे स्थानही टिकले. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईंना १७७४ मध्ये पुरंदरावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या सोबतीस पार्वतीबाई होत्या.

त्यांचा विश्वास कितपत मनापासूनचा आणि कितपत परिस्थितीने घडविलेला, हे ठरविण्याचा अधिकार आजच्या अभ्यासकास नाही. बहुधा हा भेद त्यांच्यापुरता उरलाच नसावा. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात 'संदिग्ध वियोग' ही संकल्पना मांडली. युद्धात बेपत्ता झालेल्यांचे कुटुंबीय शोकही पूर्ण करू शकत नाहीत आणि आशाही सोडू शकत नाहीत, अशी ही अवस्था होय. पार्वतीबाईंची अवस्था याहून निराळी म्हणता येत नाही. जेथे सत्य स्वीकारण्याची किंमत केवळ एका व्यक्तीस आणि तीही आयुष्यभर मोजावी लागते, तेथे आत्मवंचना हा आत्मरक्षणाचा मार्ग ठरतो.

दरबाराने त्यांच्या या श्रद्धेस हात लावला नाही. त्यामागे करुणा होती, यात संशय नाही. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की राज्याने एकाच वेळी दोन सत्ये चालू ठेवली. भाऊसाहेबांच्या नावाने येणारा मनुष्य तोतयाच असणार, कारण भाऊसाहेब हयात नाहीत, ही दरबाराची राजकीय भूमिका होती. त्याच वेळी भाऊसाहेबांची पत्नी वाड्यात कुंकू लावून वावरत होती. सामान्य प्रजेने यातील कोणते चिन्ह प्रमाण मानावे?

तोतयाचा उदय आणि पहिली चौकशी

अशा वातावरणात उत्तरेकडून एक मनुष्य भाऊसाहेब म्हणून पुढे आला. साधनांतून त्याचे नाव सुखलाल, सुखनिधान असे निरनिराळे येते. तो उत्तरेकडील कनोजा ब्राह्मण होता. चेहऱ्यामोहऱ्यातील साम्याचा त्याला उपयोग झाला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्याला पकडून दक्षिणेत आणण्यात आले. चौकशीअंती तो तोतया ठरला. त्याला देहदंड न देता निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले आणि शेवटी त्याची रवानगी रत्नागिरीस झाली.

त्याला जिवंत का ठेवले, याची एकाहून अधिक कारणे संभवतात. ब्राह्मणास देहदंड देण्याविषयीचा धर्मशास्त्रीय संकोच हे त्यातील एक. पार्वतीबाईंच्या भावनेचा विचार हे दुसरे. मात्र लोकांनी या सौम्यतेचा निराळाच अर्थ लावला. तो खरोखर तोतया असता तर त्याला इतकी वर्षे जपून का ठेवले असते, असा तर्क सहज करता येण्यासारखा होता. ज्याने आपला निष्कर्ष आधीच ठरविला आहे, त्याला विरुद्ध पुरावाही अनुकूल भासतो, याचे हे उदाहरण होय. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत हाच अनुभव थोडक्यात सांगितला आहे.

१७७६ चे बंड

तोतयास खरी संधी मिळाली ती पुण्याच्या राजकारणातील अस्थिरतेमुळे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारून १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालविला. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरत येथे इंग्रजांशी तह केला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. राज्याचा धनी दोन वर्षांचा बालक, त्याच्या जन्माविषयीही विरोधकांनी पसरविलेल्या शंका, आणि खऱ्या सत्तेची सूत्रे कारभाऱ्यांच्या हाती, असा हा काळ होता.

याच वर्षी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा पुरस्कार केला. पाहता पाहता कोकणातील अनेक ठाणी व किल्ले त्याच्या ताब्यात गेले आणि हजारोंची फौज जमली. ही फौज घाट चढून येऊ लागली तेव्हा पुण्यात चिंता पसरली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तिचा मोड केला. तोतया निसटला, पण कुलाब्यास रघूजी आंग्रे यांच्या हाती सापडला आणि पुण्यास आणला गेला.

त्याच्याभोवती जमलेले सर्वच लोक भोळे होते असे मानता येत नाही. सुभेदारासारख्या अधिकाऱ्यास पहिल्या चौकशीचा निकाल माहीत असलाच पाहिजे. बारभाईंच्या कारभारात आपले हित राहिले नाही असे वाटणाऱ्यांना भाऊसाहेबांचे नाव हे उघड बंडाहून सोयीचे निमित्त होते. बालपेशव्याच्या कारभाऱ्यांविरुद्ध शस्त्र धरणे हा राजद्रोह होता; पेशव्यांच्या घराण्यातील वडील पुरुषाच्या निशाणाखाली उभे राहणे ही स्वामिनिष्ठा ठरत होती. स्वार्थास निष्ठेचे नाव मिळाले की मनुष्य प्रथम स्वतःची समजूत घालतो आणि मग दुसऱ्याची.

फौजेत सामील झालेल्या सामान्य शिपायाचे प्रयोजन आणखी निराळे होते. पानिपतावर ज्या घरांतील माणसे गेली, त्यांच्या दृष्टीने भाऊसाहेबांचे परतणे ही केवळ एका सेनापतीची गोष्ट नव्हती. भाऊ परत येऊ शकतात, तर आपला बाप किंवा भाऊही येऊ शकेल. शिवाय ते परतले तर पराभवही अपूर्ण ठरतो आणि मधल्या पंधरा वर्षांतील यादवी, खून व परकीयांचा शिरकाव हे एक दुःस्वप्न ठरते.

दुसरी चौकशी आणि तिच्या मर्यादा

पुण्यात तोतयाची पुन्हा चौकशी झाली. रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारख्या निःस्पृह न्यायाधीशाचा तिच्याशी संबंध होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. नारायणरावांच्या खुनाबद्दल खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरविणाऱ्या शास्त्रीबोवांच्या निर्णयास जनमानसात वजन होते. भाऊसाहेबांना ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, तोतयेपणा पुन्हा सिद्ध झाला आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहदंड देण्यात आला. त्याच्या साथीदारांनाही शासन झाले.

एवढ्याने तोतया संपला, पण त्याला जन्म देणारी गरज संपली नाही. पार्वतीबाई त्यानंतरही सुवासिनीच राहिल्या. हरियाणात रोहतक जिल्ह्यातील सांघी या गावी भाऊसाहेब युद्धानंतर साधू होऊन राहिले, अशी लोकश्रद्धा आजही सांगितली जाते. न्यायालय 'हा मनुष्य भाऊ आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत होते. लोकांच्या मनातील प्रश्न 'जे गेले ते खरोखरच गेले काय?' असा होता, आणि त्याचे उत्तर देणे कोणत्याही चौकशीच्या कक्षेबाहेरचे होते.

अन्य देशांतील दाखले

असे प्रसंग केवळ महाराष्ट्रातच घडले असे नाही. पोर्तुगालचा राजा सेबॅस्टियन ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील लढाईत नाहीसा झाला. १५८० मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या अमलाखाली गेले. राजाचा म्हणून एक देह १५८२ मध्ये लिस्बनजवळ बेलेम येथे समारंभपूर्वक पुरण्यात आला, तरी त्यानंतर एकामागून एक चार तोतये निर्माण झाले. स्वातंत्र्य गमावलेल्या समाजास हरवलेला राजा हवा होता. रशियात १७६२ मध्ये मृत्यू पावलेल्या तिसऱ्या पीटरच्या नावाने पुगाचेव्हने १७७३ मध्ये शेतकरी व कोसॅक यांचे मोठे बंड उभारले. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्को येथे त्याला देहदंड झाला. म्हणजे कोकणातील बंड आणि हे बंड यांत फार तर दोन-तीन वर्षांचे अंतर आहे.

फ्रान्समधील मार्टिन गेरचे प्रकरण पार्वतीबाईंच्या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे बेपत्ता पतीच्या नावाने आलेल्या तोतयाबरोबर पत्नीने काही वर्षे संसार केला आणि १५६० मध्ये खरा पती परतल्यावर तोतया फाशी गेला. पत्नीने सत्य ओळखूनही मौन स्वीकारले असावे, असे नताली झेमॉन डेव्हिस यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. तेथील पत्नीस संसारासाठी प्रत्यक्ष मनुष्य आवश्यक होता. पार्वतीबाईंना पती जिवंत असल्याची श्रद्धा पुरेशी होती. तोतया दोनदा खोटा ठरूनही त्यांची श्रद्धा अबाधित राहिली, याचे कारण ती त्याच्यावर अवलंबून नव्हती.

सैद्धांतिक विचार

लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार परस्परविरोधी समजुती एकत्र नांदणे मनास असह्य होते, आणि ही अस्वस्थता दूर करण्यासाठी मनुष्य पुष्कळदा वस्तुस्थितीचाच अर्थ बदलतो. ज्या समजुतीसाठी मोठा त्याग केला आहे, ती सोडणे अधिक कठीण जाते. रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने आत्मवंचनेचा संबंध परवंचनेशी जोडला : जो स्वतःस प्रथम फसवितो, तो दुसऱ्यास अधिक सहजतेने फसवू शकतो, कारण त्याच्या वर्तनात कपटाची चिन्हे दिसत नाहीत.

तोतयाच्या पुरस्कर्त्यांना ट्रिव्हर्सचे म्हणणे बऱ्याच अंशी लागू पडते. परंतु या प्रकरणावरून त्यास एक पुरवणी जोडता येते. येथे फसविणाऱ्याच्या आत्मवंचनेपेक्षा फसणाऱ्यांची आत्मवंचना अधिक निर्णायक ठरली. तोतयाचे कौशल्य सामान्यच असावे, कारण दोन्ही चौकशांत तो टिकला नाही. त्याची जागा मात्र तो येण्यापूर्वीच तयार झालेली होती.

निष्कर्ष

१. भाऊसाहेबांच्या मृत्यूचा पुरावा उपलब्ध होता. परंतु तो शत्रूच्या गोटातून आलेला असल्याने आणि परतलेल्यांच्या मौनामुळे समाजमान्य झाला नाही.

२. या असत्यास आधार देणाऱ्यांची प्रयोजने एकसारखी नव्हती. पत्नीचे प्रयोजन आत्मरक्षणाचे, परतलेल्यांचे अप्रतिष्ठा टाळण्याचे, असंतुष्ट अधिकाऱ्यांचे स्वार्थाचे आणि सामान्यांचे शोकाचे होते. या सर्वांस एकाच 'फसवणूक' या शब्दाने संबोधणे इतिहासास धरून होणार नाही.

३. दरबाराने करुणेपोटी जी संदिग्धता चालू दिली, तिचा लाभ शेवटी तोतयास झाला. करुणा आणि सत्य यांचा मेळ घालणे राज्यकर्त्यांना साधले नाही. त्या परिस्थितीत ते कोणास साधले असते, हेही सांगणे कठीण आहे.

४. न्यायालयीन पुराव्याने परवंचनेचा शेवट करता येतो. आत्मवंचनेचा शेवट, सत्य स्वीकारणे सोसवेल अशी परिस्थिती निर्माण झाल्याशिवाय होत नाही.

या चारांपैकी शेवटचा निष्कर्ष इतिहासाच्या अध्यापनाच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. पेशवाईतील स्त्रीस वैधव्याखेरीज आणि सहगमनाखेरीज सन्मानाने जगण्याचा मार्ग मोकळा असता, आणि रणातून परतलेल्या सैनिकास 'मी पाहिले, आणि मी वाचलो' असे निर्भयपणे सांगता आले असते, तर तोतयाच्या मागे किती लोक गेले असते, असा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो. असत्याचा निषेध प्रत्येक काळाने केला आहे. सत्य सांगणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास त्याची किती किंमत मोजावी लागते, याचा हिशेब मात्र फार थोड्या समाजांनी मांडला आहे.